‘सलग’ सगळीकडे चालते

१ जून, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही, फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतो आहे.

परिस्थिती अशी. मी एक भाषा तयार केली आहे. बोलायची नव्हे, कॉम्प्युटरला काम सांगायची. नाव ‘सलग’. तीन वर्षं लागली. आता ती माझ्या मशीनवर झकास चालते. राहिलं काय, तर जगातल्या बाकीच्या मशीनवर चालवायची. किरकोळ काम.

ऑफिसातून पंधरा दिवसांची रजा घेतली. कारण लिहिलं ‘कौटुंबिक’. साहेब म्हणाले, खुशाल घ्या, इथे तुमच्यावाचून काही अडत नाही. विश्वास असावा तर असा.

१५ तारखेला संध्याकाळी पाच वाजता भाषा बनवणाऱ्यांचा ऑनलाइन मेळावा. मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय: ‘एक भाषा, सगळी मशीन’. त्यांना पटलं तर ‘सलग’ त्यांच्या यादीत जाणार.

हिच्याशी करार झाला आहे. ही हॉलमध्ये चित्रकलेचा क्लास घेते. अकरा मुलं, सोफ्यावर रंग. तिला माझी खोली हवी आहे. ‘सलग’ यादीत गेली तर खोली कायमची माझी, नाही गेली तर क्लासची. मी दुसऱ्या मिनिटाला सही केली. तिने करार फ्रीजवर लावला.

निश्चय: रोज पाचला उठणे. चहा दोनदाच. एका मशीनला तीन दिवस. चार त्रिक बारा. तीन दिवस हातात उरतात, त्यात भाषणाची तालीम.

१ जून, दुपारी ३.३०

खोलीत चार मशीन आहेत, चौघांच्या सिस्टीम वेगळ्या. मी त्यांना थोरला, मधला, धाकटी आणि आजोबा म्हणतो. ‘सलग’ प्रत्येकावर वेगळी बिल्ड करावी लागते, म्हणजे त्याच्या मापाने नव्याने शिवावी लागते. कापड एकच.

आज वेगळाच घोळ. थोरला म्हणतो साडेतीन वाजले. मधला म्हणतो अडीच. धाकटीच्या मते उद्या सकाळ झाली आहे, आणि ती तारखा बघून काम करत असल्यामुळे आजची फाइल तिला शिळी वाटते. बिल्डच करत नाही. दोन तास समजूत घातली.

मग एक घाव दोन तुकडे केले. चारही पडद्यांच्या कोपऱ्यांतल्या घड्याळांवर चिकटपट्टी लावली. फोन स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला. आता वेळ फक्त भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळात बघायची. ते सासरेबुवांनी दिलेलं आहे. एक सेकंद चुकत नाही.

२ जून, मंगळवार. सकाळी ९.४०

पाचला उठायचं राहिलं. काल विचार फार झाला होता.

सासरेबुवांचा फोन हिच्या मोबाइलवर. ते घड्याळजी. वय अठ्ठ्याहत्तर, दोन गल्ल्या पलीकडे दुकान. आसपासची त्रेसष्ट लंबकाची घड्याळं त्यांच्याकडे आहेत: वाचनालय, दातांचे डॉक्टर, बेकरी, आम्ही. प्रत्येकाला आठवड्यातून एकदा घरी जाऊन चावी द्यायची. अलीकडे मात्र विसरतात. म्हणून मी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी ‘सलग’मध्ये छोटा प्रोग्राम लिहून दिला. सकाळी एक बटण दाबलं की त्या दिवशीच्या घड्याळांची यादी छापून येते. ते यादी घेऊन निघतात, एकेका घरावर खूण करतात आणि बाराच्या आत परत येतात. ही म्हणते, त्या कागदामुळे बाबा ताठ चालतात.

तर म्हणाले, जावईबापू, यादीतलं अक्षर जरा मोठं करता येईल का. मी समजावलं की अशा मागण्या आवृत्ती पाचमध्ये घेतल्या जातात, सध्या आपण एकवर आहोत. म्हणाले, हो हो, सावकाश करा.

४ जून, गुरुवार. संध्याकाळी ६.१५

थोरल्यावर ‘सलग’ चालली. मुहूर्तालाच.

६.४०. त्यामुळे मधल्यावर बंद पडली. फाइलचा पत्ता लिहिताना मध्ये तिरकी रेघ लागते. थोरल्याला ती उजवीकडे झुकलेली हवी, मधल्याला डावीकडे. एकाचं ऐकलं की दुसरा रुसतो.

७.३०. दोघांची समजूत काढली. आता धाकटीवर चालत नाही. तिला रेघेचं काही नाही, तिला ओळीच्या शेवटी काय लिहिलंय ते आवडलेलं नाही.

एकूण प्रगती समाधानकारक. तिसरा चहा, पण अर्धाच.

६ जून, शनिवार. सकाळी ८.०५

सासरेबुवा आले. शनिवारी पहिलं घड्याळ आमचं. स्टुलावर चढले, झाकण उघडलं, चावी दिली, कान लावून ऐकलं, यादीवर खूण केली. म्हणाले, आठ दिवस बघायला नको. मी त्यांना थोरला दाखवला, रेघांचं सांगितलं. अर्धा तास मन लावून ऐकलं. मग म्हणाले, म्हणजे चावी एकच, घड्याळं निराळी, असंच ना. मी म्हटलं, तसं सोपं नसतं ते.

निघताना पुन्हा स्टुलावर चढायला लागले. हिने यादीवरची खूण दाखवली तेव्हा हसले आणि उतरले. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, काही केलं की लगेच खूण करायची. गोळी घेतली की डबीवर रेघ मारतात, कॉम्प्युटरचं बटण दाबलं की दुकानातल्या कॅलेंडरवर रेघ.

७ जून, रविवार. दुपारी १.२०

मोठा निर्णय. आजोबांना निरोप.

हिशेब सरळ आहे. आजोबांवर एक बिल्ड व्हायला तीन तास दहा मिनिटं लागतात. पंखा असा ओरडतो की ही हॉलमधून विचारते, पीठ दळतोयस का. आणि तसली सिस्टीम आज वापरतं कोण? सासरेबुवा. एक माणूस, तोही घरचा. एका माणसासाठी जग थांबवायचं का? जगातल्या मोठ्या भाषा जुन्या सिस्टीम बिनदिक्कत सोडतात. त्याला धोरण म्हणतात.

यादी बंद होईल, मान्य. पण चाळीस वर्षं दिलेल्या चाव्या माणसाला तोंडपाठ असतात. उलट मेंदूला व्यायाम.

४.५०. आवृत्ती दोन प्रसिद्ध केली. इंटरनेटवर जाहीर निवेदन टाकलं. ‘सलग’ स्वतःच स्वतःला अद्ययावत करते, म्हणजे सासरेबुवांच्या दुकानातही ती आपोआप पोचेल आणि निरोप दाखवेल: ‘ही सिस्टीम आता चालणार नाही. कृपया नवीन मशीन घ्यावे.’ निरोप दोन सेकंद दिसून आपोआप जातो. लोकांचा वेळ खायचा नाही, हे माझं पहिल्यापासूनचं तत्त्व.

आवृत्ती एकच्या सगळ्या फाइली पुसल्या. मन मोकळं झालं.

आजोबा हिच्या क्लासला देऊन टाकले. मुलं वस्तुचित्र काढणार आहेत. हिने वर पाणी घातलेली फुलदाणी ठेवली. छान दिसतात.

निश्चय: सासरेबुवांना उद्या शांतपणे सगळं सांगणे.

८ जून, सोमवार. रात्री ८.००



‘सलग’मधला कुठलाही प्रोग्राम कुठेही सुरू झाला की माझ्याकडे एक आकडा वाढतो. कोण, कुठे, ते मला कळत नाही. लोकांच्या खाजगी गोष्टीत मी नाक खुपसत नाही. माझी चार मशीन त्यातून वगळली आहेत, उगाच फुगवायला नको. गेले सहा महिने हा आकडा रोज एक. तो सासरेबुवांचा.

आज त्यांचा एक गेला. आणि आजचा आकडा आहे एकोणीस.

एकोणीस. आजोबांना सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी. तज्ज्ञ उगाच म्हणत नाहीत की जुनं ओझं टाका.

सासरेबुवांना सांगायचं राहिलं. अशा आनंदाच्या दिवशी नको.

९ जून, मंगळवार

एकतीस. जेवताना हिला सांगितलं. ती म्हणाली, कोण आहेत हे एकतीस? मी म्हटलं, पन्नास घरी पत्रिका पाठवून बोलावलेले पाहुणे नव्हेत, आपण होऊन आलेले लोक आहेत. ती म्हणाली, मीठ दे.

१० जून, बुधवार. सकाळी ११.००

हिचा विश्वास बसावा म्हणून तिच्या लॅपटॉपवर ‘सलग’ सुरू करून दाखवली. एकदाच. उघडली, ‘नमस्कार’ लिहून आलं. ती म्हणाली, आणि? मी म्हटलं, आणि काय, नमस्कार आला की.

पाय मोकळे करायला बाहेर पडलो. वाचनालयातलं घड्याळ बंद. सव्वाचारला अडलंय. बेकरीतलं पावणेदहाला. लोकांना वस्तू सांभाळता येत नाहीत. बेकरीवाल्याला तसं बोललो. तो म्हणाला, तुमचे सासरे आले नाहीत हो सोमवारी. मी म्हटलं, येतील.

रात्री: चव्वेचाळीस.

१२ जून, शुक्रवार

काल अठ्ठावन्न, आज एकसष्ट. मी आलेख काढला. रेघ अशी वर गेली आहे की कागद उभा धरावा लागला.

एक निरीक्षण: आकडा सकाळी साडेसहाला वाढायला लागतो आणि दुपारी बाराला थांबतो. मग चार ते सहा पुन्हा. म्हणजे वापरणारे शिस्तीचे आहेत, दुपारी वामकुक्षी घेणारे. असा देश कुठला, यावर बराच विचार केला. भाषणात त्यांचे आभार मानीन.

दातांच्या डॉक्टरांनी हिला रस्त्यात थांबवलं. म्हणाले, तुमचे बाबा काल आमच्याकडे तीनदा आले, तिन्ही वेळा चावी दिली, तिसऱ्यांदा स्प्रिंग तुटली. ही काळजीत आहे. मी म्हटलं, कामाचा उत्साह आहे या वयात, कौतुक कर. तिने बाबांना फोन केला. ते म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे, यादी रोज येते.

यादी रोज येते? हे विचित्र आहे. पण म्हातारी माणसं बोलतात काहीतरी.

निश्चय: मेळावा झाला की लगेच सासरेबुवांना सांगणे.

१३ जून, शनिवार. सकाळी १०.३०

सासरेबुवा आले नाहीत. हिने दोनदा विचारलं, आज आपला वार ना? मी म्हटलं, त्यांनाही एखादी सुटी नको का.

मधला आणि थोरला पुन्हा भांडले. धाकटी अक्षरांत लहान-मोठं मानत नाही, बाकीचे दोघे मानतात. आज तिन्ही मशीनवर मिळून ‘सलग’ अकरा मिनिटं एकत्र चालली. भाषण पंधरा मिनिटांचं आहे. प्रश्नोत्तरं धरली तर जमतं.

बहात्तर. विक्रम.

१४ जून, रविवार

साठ. रविवार असूनही. एकूण तीनशे पंचेचाळीस. हा आकडा भाषणाच्या पहिल्या पानावर घेतला आहे, मोठ्या अक्षरात.

खोलीसाठी नवीन पडदे बघायला हवेत. हिला तसं सुचवलं. तिने फ्रीजकडे बघितलं.

१५ जून, सोमवार. दुपारी १.००

आज. जेवण हलकं घेतलं. इस्त्रीचा शर्ट. खिडकीवर जाड पडदा लावला, कॅमेऱ्यात मागे उजेड नको. हिला सांगून ठेवलंय, पाचच्या पुढे घरात टाचणी पडल्याचा आवाज होता कामा नये. फोन खणातच. चार तास हातात. भरपूर.

२.५०. तालीम एक पूर्ण. आवाज लागला आहे.

२.५०. तालीम दोन. ‘तीनशे पंचेचाळीस’ म्हणताना थोडं थांबायचं, म्हणजे लोकांना श्वास घ्यायला वेळ मिळतो.

२.५०. मधल्याने दगा दिला होता, दुरुस्त केला. एवढं काम करूनही वेळ तोच. शिस्त लागली की वेळ पुरतो, हे मी ऑफिसात कितीदा सांगितलंय.

२.५०. तालीम तीन आणि चार. शिवाय नखं कापली. आयुष्यात इतका निवांत कधीच नव्हतो. खोलीत कशी शांतता आहे. टिकटिकसुद्धा नाही.

२.५०. हॉलमध्ये क्लासची मुलं आली वाटतं. आज फारच लवकर. पण किती शहाणी, एकाचाही आवाज नाही.

२.५०. पाणी प्यायला बाहेर आलो. अकरा मुलं तोंडावर बोट ठेवून बसलेली. मला बघताच उभी राहिली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल ते कळलं नाही, पण कीर्ती पोचत असावी. मान लववली.

हिने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, काय कसं झालं, अजून दोन तास दहा मिनिटं आहेत.

तिने हॉलमधला पडदा सरकवला. बाहेर संध्याकाळ.

साडेसहा वाजले होते. मुलं पाच वाजल्यापासून दीड तास माझ्यासाठी गप्प बसली होती. खणात फोन आठ वेळा वाजला. तिला वाटलं मी आत बोलतोय, म्हणून तिने खणात टॉवेल कोंबला.

१६ जून, मंगळवार. सकाळी, बहुधा ९

मेळाव्याचं पत्र. ‘आपण उपस्थित नसल्याने आपली वेळ अन्य भाषेला दिली. पुढील वर्षी अवश्य कळवावे.’

 हिने फ्रीजवरचा करार काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. मग मापाची टेप घेऊन खोलीत गेली.

दोष माझा नाही, एवढं स्पष्ट व्हायला हवं. घड्याळ बंद पडलं. का पडलं? चावी दिली नाही. का दिली नाही? ते सासरेबुवांनी सांगावं. मी आत्ता त्यांच्याकडे जातोय. नातं आपल्या जागी, कामातला हलगर्जीपणा मी खपवून घेत नाही. खणखणीत बोलणार.

१६ जून. वेळ माहीत नाही

गेलो. बोललो नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले होते. एक हात बटणावर, दुसऱ्या हातात चष्मा. बटण दाबलं. माझा निरोप आला. चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत दोन सेकंद झाले आणि निरोप गेला. त्यांनी पेन्सिल घेऊन कॅलेंडरवर एक रेघ मारली. पुन्हा बटण दाबलं.

मला बघून ओशाळले. उठून दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाले, जावईबापू, मी यादी काढायची रीत विसरलोय. काहीतरी बटण चुकतंय माझं. आठ दिवस झाले. काहीतरी येतं पडद्यावर, वाचायच्या आत जातं. तुमची भाषा चांगली आहे, माझंच डोकं चालत नाही. मुलीला सांगू नका, ती घाबरेल.

मी सांगितलं. सगळं सांगितलं: धोरण, आवृत्ती दोन, दोन सेकंद. म्हटलं, तुम्ही काही विसरला नाहीत, मी बंद केलं.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, माझं मन राखायला म्हणताय, कळतं मला.

तीनदा सांगितलं. पटलं नाही त्यांना.

चहा ठेवायला आत गेले तेव्हा मी कॅलेंडर बघितलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पाच-पाचच्या गठ्ठ्याने रेघा, काही चौकटीबाहेर गेलेल्या. आठ तारखेला एकोणीस. नऊ तारखेला एकतीस. मी खुर्ची ओढून बसलो. अकरा तारखेला अठ्ठावन्न. मग एकसष्ट. शनिवारी, आमच्या घड्याळाच्या वारी, बहात्तर. रविवारी साठ.

दहा तारखेला त्रेचाळीस. माझ्याकडे चव्वेचाळीस आहेत. दोनदा मोजल्या. त्रेचाळीसच.

तो एक हिच्या लॅपटॉपवरचा. माझा.

जुनी यादी परत चालू करता येईल का म्हणून घरी येऊन आजोबांना उघडून बघितलं. फुलदाणी गळकी होती. आतून पाणी निघालं. मुलांनी त्यांची अकरा चित्रं काढली आहेत, त्यातली दोन बरी आहेत.

हिला सगळं सांगितलं.  तिने क्लासची एक कोरी वही आणि काळं स्केचपेन दिलं, आणि आम्ही दोघं पुन्हा दुकानात गेलो. ती बाबांना एकेक वार विचारत गेली, ते आठवत गेले, मी लिहीत गेलो. ते अडले तिथे तिने सांगितलं, ती अडली तिथे बेकरीवाल्याला विचारून आलो. त्रेसष्ट भरली. शनिवार, पहिलं घड्याळ: जावई.

सासरेबुवांनी वही हातात घेतली. चष्मा चढवला. पान उलटलं, परत पहिल्या पानावर आले. दोन सेकंद झाले तरी पान जागचं हललं नाही. बराच वेळ वाचत बसले.

वापरणारे: एक. बिल्डला लागलेला वेळ: दोन तास. चालते कुठे: त्यांच्या खिशात मावते.

मागणी: एक. म्हणाले, सुरेख झालंय, फक्त अक्षर जरा मोठं काढता येईल का.

पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतलं आहे.